‘काहीही चालेल’ हे चिनी भाषेत कसे म्हणावे?

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची. कंपनीच्या कामानिमित्त गेले आठ महिने चीनमधील सुझोउ शहरात राहते आणि मोबाइलवरच्या शिकवणीतून रोजच्या वापरापुरती चिनी भाषा शिकते आहे. दुपारी जेवायला कुठे जायचे, असे शेजारच्या टेबलावरची सहकारी मला रोज विचारत असे. मला खरोखरच कुठेही चालते, म्हणून मी शिकवणीत ‘काहीही’ या अर्थाने दिलेला ‘स्वेइप्येन’ हा शब्द रोज वापरत गेले. महिन्याभराने तिने विचारणेच बंद केले. पुढे एका बैठकीत साहेबांनी दोन तारखांपैकी कोणती सोयीची असे विचारले, तेव्हा ‘मला दोन्ही सारख्याच’ अशा अर्थाने मी ‘वो पू चाइहू’ म्हणाले आणि क्षणभर सगळे गप्प झाले. माझ्या मनात अनादर नव्हता. मला काहीही चालेल, हे या भाषेत सभ्यपणे सांगताच येत नाही का? आणि त्या सहकारी मैत्रिणीची आता माफी मागावी का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सांगता येते, आणि एक-दोन नव्हे तर चांगल्या डझनभर प्रकारांनी सांगता येते. तुम्ही वापरलेले दोन्ही शब्द शब्दकोशाच्या हिशेबाने बरोबर होते, हेही आधीच सांगते, म्हणजे तुमच्या मनावरचे ओझे थोडे हलके होईल. अडचण अर्थाची नाही, तो शब्द कोण कोणाला म्हणतो याची आहे. आपल्याकडे ‘आज भाजी कोणती करू?’ या प्रश्नाला घरातल्या माणसाने मान वर न करता ‘काहीही कर’ असे म्हटले की विचारणारीच्या कपाळावर जी आठी उमटते, ती तुम्हाला ठाऊक आहेच. ‘काहीही’ हा शब्द अपशब्द नाही; पण तो जिच्या वाट्याला रोज येतो तिला आपला प्रश्न कोणी ऐकलाच नाही असे वाटू लागते. तुमच्या सहकारी मैत्रिणीला बहुधा हेच वाटले असावे.

‘स्वेइप्येन’ या शब्दाची घडण पाहिली तर गंमत कळते. ‘स्वेइ’ म्हणजे मागोमाग जाणे, अनुसरणे, आणि ‘प्येन’ म्हणजे सोय. म्हणजे मुळात हा ‘आपापल्या सोयीने’ असा शब्द आहे आणि योग्य दिशेने वापरला तर तो आजही सौजन्याचाच आहे. घरी आलेल्या पाहुण्याला यजमान ‘स्वेइप्येन च्वो’ म्हणतात, म्हणजे ‘बसा कुठेही, आपलेच घर आहे’. दुकानात शिरल्यावर विक्रेती मागे मागे फिरू लागली तर ‘वो स्वेइप्येन खानखान’, म्हणजे ‘मी नुसतीच बघते आहे’, असे सांगितले की ती राग न मानता बाजूला होते. पहिल्या उदाहरणात यजमान पाहुण्याला मोकळीक देतो आणि दुसऱ्यात आपण स्वतःच्या कृतीबद्दल बोलतो. मात्र जेव्हा कोणी आपल्यासाठी विचारपूर्वक एक प्रश्न पुढे करतो आणि आपण त्याच्याच हातात ‘स्वेइप्येन’ म्हणून तो परत ठेवतो, तेव्हा शब्द तोच राहूनही मोकळीक संपते आणि उदासीनता उरते. एखाद्या माणसाला ‘स्वेइप्येन’ म्हणणे तर त्याहून वाईट, कारण तिथे त्याचा अर्थ बेफिकीर, प्रसंगी सैल वागणुकीचा, असा होतो. जाता जाता सांगायचे तर मंगन्यू या मोठ्या दुग्धकंपनीने याच उच्चाराचे, फक्त ‘प्येन’चे चिन्ह बदललेले, आइस्क्रीम बाजारात आणले होते, कोणते आइस्क्रीम हवे या प्रश्नाला हा शब्द निर्धोकपणे उच्चारण्याची ती बहुधा एकमेव जागा असावी.

जेवणाच्या बाबतीत हा शब्द अधिक टोचतो, त्यालाही कारण आहे. चिनी जेवणात प्रत्येकाने आपापले ताट मागवण्यापेक्षा टेबलाच्या मधोमध पदार्थ ठेवून सगळ्यांनी त्यातून घेण्याची रीत आहे. त्यामुळे पदार्थ निवडणारी व्यक्ती स्वतःपुरते निवडत नसते. कोणाला तिखट चालते, कोणाला मासे आवडत नाहीत, कोणाच्या पोटाला काय सोसत नाही, या सगळ्याची जबाबदारी ती उचलत असते. ‘कुठे जाऊ या?’ हा प्रश्न म्हणूनच नुसती चौकशी नसून त्या जबाबदारीत वाटेकरी होण्याचे आमंत्रण असते. ‘काय खायचे?’, ‘स्वेइप्येन’, ‘मग हॉटपॉट?’, ‘नको, पुरळ येते’, ‘मग नूडल्स?’, ‘कालच तर खाल्ल्या’, ‘मग तुला हवे तरी काय?’, ‘स्वेइप्येन’ असा न संपणारा संवाद तिकडे विनोद म्हणून पिढ्यान् पिढ्या नव्हे तरी वर्षानुवर्षे सांगितला जातो, आणि त्यात चेष्टा होते ती विचारणाऱ्याची नव्हे, उत्तर देणाऱ्याची.

मग म्हणायचे काय? माझ्या मते या भाषेतल्या सभ्य तटस्थतेचे मर्म दोन छोट्या वाक्यांच्या तुलनेत सापडते. एक वाक्य ‘स्वेइ नी’ आणि दुसरे ‘थिंग नी त’. ‘नी’ म्हणजे तू किंवा तुम्ही. दोन्हींत समोरच्याचा उल्लेख आहे, दोन्हींत निर्णय त्याच्यावर सोपवलेला आहे, आणि तरीही पहिले कानाला थंड लागते व दुसरे ऊबदार. पहिल्याचा अर्थ आपल्या ‘तुझी मर्जी’ या शब्दप्रयोगाच्या अगदी जवळ जातो: तू काय हवे ते कर, माझा त्यात संबंध नाही. त्यालाच आणखी ‘प्येन’ जोडून ‘स्वेइ नी प्येन’ म्हटले की भांडणाची सुरुवात झालीच म्हणून समजा. दुसऱ्याचा अर्थ ‘तुझे ऐकेन’ असा आहे. म्हणजे निवड तुझी, पण तू निवडशील त्यात मी तुझ्याबरोबर आहे. आपल्या ‘तुम्ही म्हणाल तसे’ या वाक्यात जी आपुलकी आहे तीच इथे आहे. पहिल्या वाक्याने बोलणारा बेतातून बाहेर पडतो आणि दुसऱ्याने तो बेतात राहतो. पुढे मी जी जी वाक्ये सांगणार आहे ती याच कसोटीवर घासून पाहा: तुम्ही निवड सोडून दिली तरी बेत सोडलेला नाही, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे.

‘थिंग नी त’ इतकेच उपयोगाचे ‘नी तिंग पा’ हे वाक्य आहे, म्हणजे ‘तुम्हीच ठरवा ना’. इथे मराठी माणसाला एक देणगी जन्मतःच मिळालेली आहे, तिचा उपयोग करून घ्या. चिनी भाषेत ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’, ‘प’ आणि ओठ मिटून उच्चारलेला जुना ‘फ’ हे वेगवेगळे ध्वनी आहेत आणि आपल्या कानाला हा अल्पप्राण-महाप्राण भेद लहानपणापासून सवयीचा आहे. रोमन लिपीत मात्र हे ध्वनी अशा अक्षरांनी लिहिले जातात की आपण ‘तिंग’च्या जागी ‘डिंग’ आणि ‘थिंग’च्या जागी ‘टिंग’ म्हणू लागतो. ‘तिंग’ म्हणजे ठरवणे, ‘थिंग’ म्हणजे ऐकणे. पहिल्याचा स्वर वरून खाली आपटतो आणि दुसऱ्याचा उंचावर सपाट राहतो. शिकवणीतले शब्द स्वतःच्या वहीत देवनागरीत लिहून काढा. ‘चाइहू’मधला ‘च’ चमच्यातला आहे की चिमणीतला, हेसुद्धा तुम्हाला तिथे टिपता येईल. तो चमच्यातला आहे.

रोजच्या बोलण्यात सर्वांत निर्धोक वाक्य ‘तोउ शिंग’ किंवा ‘तोउ ख-ई’ हे आहे. ‘तोउ’ म्हणजे सगळे, दोन्ही. ‘शिंग’ म्हणजे चालेल. ‘ख-ई’ म्हणजे करता येईल, हरकत नाही. बीजिंगच्या बाजूला याच अर्थाने ‘तोउ छंग’ही ऐकू येते. प्रश्नार्थक शब्द पुढे लावला की अर्थ आणखी नेमका होतो: ‘नार तोउ शिंग’ म्हणजे कुठेही चालेल, ‘शन्म तोउ शिंग’ म्हणजे काहीही चालेल. ‘स्वेइप्येन’मध्ये नसलेली गोष्ट यांत आहे, ती ही की येथे होकार दिलेला असतो. समोरच्याने मांडलेले पर्याय मी पाहिले आणि ते सगळे मला मान्य आहेत, असे त्यातून कळते. मात्र शेवटी ‘पा’ लावताना जपावे. ‘नी तिंग पा’मध्ये तो विनंतीचा गोडवा आणतो, पण ‘तोउ शिंग पा’मध्ये ओढून ताणून दिलेल्या होकाराचा भास होतो, जणू ‘चालेल म्हणायचे आता, काय करणार’. त्याऐवजी शेवट ‘या’ने केला तर तेच उत्तर हसतमुख होते. एवढ्याशा अक्षरावर इतके अवलंबून असावे याचे नवल वाटण्याचे कारण नाही. ‘चालेल’, ‘चालेल की’ आणि ‘चालेल हो’ यांतला फरक आपणही कोणाला शिकवायला बसलो तर नाकी नऊ येतील.

तटस्थता अधिक शोभून दिसते ती तिला कारणाची जोड दिली म्हणजे. ‘नी पीच्याओ शू, नी तिंग पा’, अर्थात ‘तुम्हाला इथली माहिती जास्त, तुम्हीच ठरवा’, या वाक्यात निर्णय सोपवण्याबरोबर समोरच्याचा मानही राखला जातो. हॉटेलात पदार्थांची यादी तुमच्यापुढे सरकवली गेली आणि त्या चिन्हांतले तुम्हाला काहीच उमगत नसेल, तर ‘वो पू हुइ त्येन त्साइ, नी लाइ त्येन पा’ म्हणजे ‘मला पदार्थ निवडण्यातले कळत नाही, तुम्हीच सांगा’ हे उत्तर चिनी माणसेसुद्धा एकमेकांना नेहमी देतात, आणि परदेशी माणसाच्या तोंडी ते खोटेही वाटत नाही.

तुम्ही शाकाहारी आहात की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. पण असाल, किंवा एखादी गोष्ट वर्ज्य असेल, तर ती आधी न सांगता ‘काहीही चालेल’ म्हणणे हे सौजन्य नसून यजमानाला खड्ड्यात ढकलणे आहे, कारण पदार्थ समोर आल्यावर तुम्ही नुसता भात चिवडत बसलात की त्याची मान खाली जाते. जाणते यजमान म्हणूनच ‘यो शन्म चीखोउ मा?’ असे विचारतात. ‘चीखोउ’ म्हणजे पथ्य किंवा श्रद्धा यांमुळे, अथवा नुसत्या नावडीमुळे वर्ज्य असलेले खाणे. मराठीत यासाठी एकच शब्द मला सुचत नाही. या प्रश्नाला ‘वो छ सू, प्येत तोउ शिंग’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे, बाकी सगळे चालेल’, असे उत्तर दिले की यजमानाचे निम्मे काम होते आणि तुमची उरलेली तटस्थता त्याला वरदान वाटू लागते. वर्ज्य काहीच नसेल तर ‘मेइ यो चीखोउ’ एवढे म्हणावे. एक मर्यादा स्पष्ट सांगून बाकीची मोकळीक देणे, ही माझ्या अनुभवात कोणत्याही गोड वाक्यापेक्षा अधिक सभ्य रीत ठरली आहे.

आता बैठकीतल्या त्या वाक्याकडे वळू. ‘चाइहू’ म्हणजे मनाला लावून घेणे, पर्वा करणे. लोक मला नावे ठेवतात त्याची मला पर्वा नाही, असे ठणकावून सांगायचे असेल तर ‘वो पू चाइहू’ चपखल बसते. साहेबांनी तारीख विचारली असता मात्र तुमच्या उत्तराचा अर्थ ‘तुमची बैठक कधी का असेना, मला काय त्याचे’ असा झाला. तिथे म्हणायचे होते ‘वो तोउ ख-ई, खान ताच्या’, म्हणजे ‘मला दोन्ही जमतील, सगळ्यांची सोय पाहा’. दुसरे एक वाक्य कार्यालयांत सतत ऐकू येते, ते ‘वो मेइ ईच्येन’. ‘ईच्येन’ म्हणजे मत, त्यामुळे शब्दशः ते ‘मला मत नाही’ असे दिसते, पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘माझी हरकत नाही’ असा होतो. याची उलट बाजू लक्षात ठेवा: अमुक माणसाबद्दल मला ‘ईच्येन’ आहे असे कोणी म्हणाले, तर तो मत मांडत नसून तक्रार करतो आहे.

तुमच्या पुढल्या चुकीची जागा मी आत्ताच दाखवून ठेवते, कारण तिथे मी स्वतः पडलेली आहे. ‘ऊस्वोवेइ’ हा शब्द तुम्हाला लवकरच भेटेल आणि ‘काही फरक पडत नाही’ असा त्याचा अर्थ वहीत लिहिला जाईल. बीजिंगमध्ये घरे उबदार ठेवणारी सार्वजनिक व्यवस्था दरवर्षी १५ नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. माझ्या भाड्याच्या घरातली नळी नेमकी त्याच आठवड्यात गळू लागली आणि दुरुस्ती चार दिवस लांबली. घरमालकीणबाई स्वतः येऊन परत परत दिलगिरी व्यक्त करू लागल्या. त्यांना मी ‘आयी’ म्हणत असे. या शब्दाचा मूळ अर्थ मावशी, आणि आपल्यासारखाच तो कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला चालतो. या मावशींना ‘असू द्या हो, काही बिघडले नाही’ असे म्हणायचे म्हणून मी मोठ्या प्रसन्नपणे ‘ऊस्वोवेइ’ म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. तुम्ही दिलगीर असा किंवा नसा, मला त्याचे काही नाही, असे मी त्यांना ऐकवले होते. दिलगिरीला उत्तर म्हणून ‘मेइ क्वानशी’, ‘मेइ श’ किंवा वडीलधाऱ्यांशी बोलताना अधिक हळुवार वाटणारे ‘पू याओचिन’ हेच शब्द योग्य होत. ‘ऊस्वोवेइ’ आपल्या स्वतःच्या किरकोळ निवडीपुरते ठीक आहे: खिडकीजवळची जागा की दाराजवळची, तर ‘वो ऊस्वोवेइ’. दुसऱ्याच्या भावनेला, कष्टाला किंवा दिलेल्या वस्तूला ते कधीही लावू नये.

कोणी घरी बोलावले असेल आणि कार्यक्रमाचा क्रम, बसण्याची जागा, जेवणाची वेळ असे काही विचारले असेल, तर ‘ख स्वेइ चू प्येन’ हे चार अक्षरांचे जुने वचन कामी येते: पाहुण्याने यजमानाच्या सोयीने चालावे. नीट पाहिलेत तर ‘स्वेइप्येन’मधलीच दोन्ही अक्षरे यात आहेत, फक्त आता सोय कोणाची ते उघड सांगितले आहे, आणि तेवढ्याने त्याचा सगळा नूर पालटतो. परदेशी माणसाच्या तोंडून हे ऐकून यजमान हमखास खूश होतात; मात्र रोजच्या दुपारच्या जेवणाला ते वापरू नका, नाहीतर चहाच्या टपरीवर संस्कृत सुभाषित म्हटल्यासारखे होईल. मेजवानीत कोणी प्याला उंचावून ‘वो कान ल, नी स्वेइई’ म्हणाले, तर ‘मी पूर्ण संपवतो, तुम्ही तुमच्या इच्छेने घ्या’ असा त्याचा अर्थ आहे. हा ‘स्वेइई’ तुम्हाला दिलेला खरा सन्मान आहे, म्हणून एक घोट घेऊन प्याला खाली ठेवला तरी चालते.

भ्रमणध्वनीवरच्या संदेशांत आवाजाचा आधार नसल्यामुळे जास्त काळजी घ्यावी लागते. एकटे ‘अं’ रुक्ष वाटते, तेच दोनदा ‘अंअं’ लिहिले तर प्रेमळ होते. ‘हह’ असे हसणे बहुतेक तरुण मंडळींना तुच्छतेचे वाटते. आणि साधा पिवळा हसरा चेहरा, जो आपण आईलाही बिनदिक्कत पाठवतो, तो चिनी तरुणांच्या गप्पांत कुत्सित हसू म्हणून वाचला जातो. ‘तोउ शिंग’ लिहिलेत तर त्यापुढे ‘या’ लिहायला विसरू नका. तुमच्या वयाचे सहकारी स्वतःला थट्टेने ‘फोशी’, म्हणजे बुद्धपंथी, म्हणवून घेताना तुम्ही ऐकले असेल. मिळाले तरी ठीक, न मिळाले तरी ठीक, अशा वृत्तीच्या तरुणांसाठी हा शब्द २०१७च्या अखेरीस तिकडे घरोघरी पोहोचला आणि ‘तोउ शिंग’, ‘ख-ई’, ‘मेइ क्वानशी’ ही त्या वृत्तीची ओळखीची उत्तरे मानली गेली. हे बिरुद मित्रांच्या घोळक्यात मिरवायला हरकत नाही, साहेबांसमोर नको.

राहता राहिली तुमची मैत्रीण. माफी मागू नका. ओळीने शब्द जुळवून मागितलेल्या माफीमुळे तिला अवघडल्यासारखे होईल आणि इतके दिवस जे तिने मनात ठेवले ते उगाच टेबलावर येईल. त्याऐवजी उद्या साडेअकराच्या सुमारास, ती कोणाबरोबर तरी बाहेर पडण्याआधी, तुम्हीच तिला विचारा: ‘चिनथ्येन नी श्यांग छ शन्म?’, म्हणजे ‘आज तुला काय खावेसे वाटते?’ शक्य झाल्यास एखादी जागा स्वतःहून सुचवा. ती चुकीची निघाली तरी बिघडत नाही, तुम्ही निवड केली एवढे तिला दिसेल. नंतर आठवड्यातून दोनदा तुम्ही सुचवा आणि उरलेल्या दिवशी ‘थिंग नी त’ म्हणा. आणि एखाद्या दिवशी, तुमची घसट वाढल्यावर, तुम्ही विचारलेत आणि तिने फोनमधून मान वर न काढता ‘स्वेइप्येन’ असे उत्तर दिले, तर वाईट वाटून घेऊ नका. घरच्या माणसांत हा शब्द सगळेच वापरतात. अशा वेळी दोन खाणावळींची नावे घ्यायची आणि यांपैकी कुठली, एवढेच विचारायचे.